आईच्या डोळ्यांना सतत धार, आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे!

कुळागर_फोंडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आईचं वय ७१. गेले सात-आठ महिने दोन्ही डोळ्यांतून पाणी येतंय. सकाळी तुळशीला पाणी घालायला अंगणात गेली, जरा वारा लागला की धार. टीव्हीसमोर बसली की धार. कमरेला कायम रुमाल खोचलेला. शेवटी परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, "ड्राय आय आहे" म्हणाले, कृत्रिम अश्रूंची बाटली लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर आल्यावर आईने रुमाल माझ्यासमोर धरला नि म्हणाली, "हें सुकें?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रुमाल खरोखरच ओला होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं झालं होतं. बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. तेव्हा आई रडली नाही. घर माणसांनी भरलेलं, आणि ही प्रत्येकाला चहा मिळाला का विचारत फिरत होती. आता वाड्यावरच्या बायका म्हणतात, तेव्हाचं आत साठलेलं ते आता बाहेर पडतंय. रोज चारच्या सुमाराला दोघी-तिघी येतात, तिच्याजवळ बसतात, हात हातात घेतात. आई काही बोलत नाही, डोळे पुसत राहते.

माझा जन्म बँकेत खर्डेघाशी करण्यात गेला, शास्त्रातलं फार कळत नाही. अश्रू खरंच साठतात का? कुठे? मुळात ते तयार कसे होतात? आणि पाणी गळणारा डोळा कोरडा कसा?

रस_ऑम्लेट

पयलो नंबर! आता दहा प्रतिसादांच्या आत कुणीतरी कांद्यावर घसरणार, लिहून ठेवा.

माडाखालचा

एसी बंद करा, मोबाइल काढून घ्या, दोन दिवसांत फरक. माझ्या डोळ्यांचं असंच होतं.

कुळागर_फोंडा

@माडाखालचा, आमच्याकडे एसी नाही आणि आईकडे मोबाइल बटणांचा आहे.

सुंगटे_मास्तर

कुळागर, प्रश्न चांगला विचारलात. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवायचो, म्हणजे डॉक्टर नव्हे. पण तुमचा गोंधळ दूर करण्याइतकं सांगू शकेन.

आधी "साठतात का" याचं उत्तर: नाही. डोळ्यामागे अश्रूंची टाकी वगैरे नसते. भुवईच्या हाडाखाली, बाहेरच्या कोपऱ्याकडे, प्रत्येक डोळ्याला एक अश्रुग्रंथी असते. आकाराने साधारण काजूगराएवढी. ती रक्तातलं पाणी आणि क्षार घेऊन, त्यात आपली प्रथिनं मिसळून ताजा रस बनवते आणि बारीक नळ्यांमधून वरच्या पापणीखाली सोडते. हुकूम आला की तिथल्या तिथे रस. गेल्या वर्षीचा माल आज निघत नाही.

पण ही मोठी ग्रंथी मुख्यतः गडबडीच्या वेळची. रोजचा ओलावा राखायला पापण्यांच्या आतल्या अस्तरात तिच्या छोट्या बहिणी आहेत, त्याही थोडं थोडं पाणी देत असतात. सगळं मिळून मिनिटाला जेमतेम एक मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. दिवसाकाठी एक-दोन मिलिलिटर.

आता खरी गंमत. डोळ्यावर जो ओलावा असतो तो नुसतं पाणी नाही. अळवाच्या पानावर पाणी टाकून बघा. गोळी होऊन घरंगळतं, पान कोरडंच. बुबुळाचंही तसंच झालं असतं. म्हणून सगळ्यात खाली एक बुळबुळीत द्रव्य असतं, ते पाण्याला धरून ठेवतं. त्यावर पाणी. आणि सगळ्यात वर तेलाचा अतिपातळ थर, लोणच्याच्या बरणीत वर तेल असतं ना तसा. हे तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही. ते येतं पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधून. केसांच्या मुळाशी नीट बघितलंत तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं ओळीने दिसतील, एकेका पापणीला वीस-तीस तरी. हे तिन्ही मिळून जाडी किती, तर मिलिमीटरचा काही हजारावा भाग! आणि दर उघडझापीला पापणी हा थर नव्याने सारवते.

वय झालं की पापणीच्या कडेचं हे तेल घट्ट होतं, छिद्रं बुजतात. वरचं तेल गेलं की पाणी भराभर उडतं. बुबुळावर जागोजागी सुकं पडतं. बुबुळाच्या पृष्ठभागावर शरीरातल्या सगळ्यात हळव्या नसा आहेत, त्या लगेच मेंदूकडे तक्रार नेतात: वाळलं, वाळलं! मेंदू मोठ्या ग्रंथीला म्हणतो, सोड पाणी. आणि ती बदाबदा सोडते. पण ते नुसतं पाणी. त्याला धरायला खाली काही नाही, झाकायला वर काही नाही. ते गालावर येतं आणि डोळा परत सुका. पुन्हा तक्रार, पुन्हा धार.

म्हणजे आई म्हणते तेही खरं आणि दोतोर म्हणतो तेही खरं.

शेळपें_सत्तरी

मास्तर, पंचवीस वर्षांपूर्वी असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो. वाचनखूण साठवली.

रस_ऑम्लेट

थोडक्यात, शेतात पाणी भरपूर पण जमीन धरत नाही.

सुंगटे_मास्तर

@रस_ऑम्लेट, बरोबर. आणि शेतच काढलंत तर खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, मानस आठवा, पाणी सोडायचं दार. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ, वर-खाली दोन्ही पापण्यांवर एकेक बारीक भोक असतं. आरशासमोर खालची पापणी जरा ओढली की दिसतं. वापरलेलं पाणी त्यातून एका छोट्या पिशवीत आणि तिथून नळीने नाकात उतरतं. दर वेळी पापणी मिटते तेव्हा ही पिशवी दाबली जाते आणि सुटते, पंपासारखी. म्हणून रडताना नाक वाहतं. ते अर्धंअधिक डोळ्यांतलंच पाणी. पूर मोठा असला की मानस पुरत नाही, मग बांधावरून गालावर.

मधली_आळी

डोळ्यांत औषध घातलं की घशाला कडू लागतं ते यामुळेच होय! मला इतकी वर्षं वाटायचं बाटलीत काहीतरी भेसळ आहे.

पेडण्याचा_राजा

नाक वाहतं यावरून आमच्या जत्रेच्या नाटकातला किस्सा.

मी राजा. तिसऱ्या अंकात पुत्र मरतो आणि मी टाहो फोडायचा. मला रडू येत नाही, लहानपणापासूनच. तालमीला दिग्दर्शक वैतागला, शेवटी मेकपवाल्याने डोळ्यांखाली ग्लिसरीन लावलं आणि वर कसलातरी पेपरमिंटसारखा खडा घासला. स्टेजवर गेलो तर काय, महापूर! पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून बसलेल्या. मी मनात म्हटलं, आज मैदान मारलं. पण नाकाचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मिशी डिंकाने चिकटवलेली. नाकातून पाणी सुरू झालं आणि "बाळा, डोळे उघड" म्हणेपर्यंत मिशीची डावी बाजू सुटून ओठावर लोंबायला लागली. मी हाताने दाबली तर उजवी सुटली. मेलेला पुत्र हसून गदागदा हलतोय. तिथून पुढे पेडणे तालुक्यात तो अंक विनोदी म्हणूनच प्रसिद्ध आहे.

रस_ऑम्लेट

हसून हसून पुरेवाट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुठल्या खात्यात धरायचं मास्तर?

सुंगटे_मास्तर

भावनेच्या. अश्रू तीन खात्यांचे: रोजच्या ओलाव्याचे, धूर-कांदा-कचऱ्याने येणारे, आणि भावनेचे. हसून येतात तेही तिसऱ्यातच. कारखाना एकच, हुकूम देणारे साहेब वेगळे. धूर गेला तर बुबुळाकडून पाचव्या मज्जातंतूने खबर जाते आणि सातव्याने ग्रंथीला हुकूम येतो. भावनेचा हुकूम मेंदूच्या आतल्या भागातून येतो, पण शेवटी त्याच सातव्या तंतूवरून. राजेसाहेबांचं ग्लिसरीन दुसऱ्या खात्यातलं. पेपरमिंटने गार वाटतं, आणि बुबुळाच्या ज्या नसांना गारवा कळतो त्यांचं रोजचं कामच "पाणी उडालं, थंड पडलं" हे ओळखून ओलावा मागवणं. खड्याने त्यांना फसवलं.

हळसांद्याचे_तोणाक

शेवटी मीच घसरते कांद्यावर. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, म्हापशाहून दोन माळा आणल्यात, आणि पोरगी पुण्याला गेल्यापासून चिरणारी मी एकटीच. काही उपाय? सासूबाई पोयेचा (पावाचा) तुकडा दातांत धरून चिर म्हणतात.

रस_ऑम्लेट

हा आला कांदा! मी पोय धरून बघितलंय. पोय संपली, कांदा तसाच.

सुंगटे_मास्तर

कांदा शाबूत असताना त्यात डोळ्याला झोंबणारं काहीच नसतं. पेशींच्या वेगवेगळ्या कप्प्यांत माल वेगळा आणि विकरं म्हणजे एन्झाइम वेगळी. सुरी चालली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि गंधकाचा एक वायू उडतो. नाव भारदस्त आहे, सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. हा वायू बनवणारं खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढलं. त्याआधी सगळे समजत होते की लसूण-कांद्यातलं नेहमीचं विकरच सगळं करतं. त्या शोधाला २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं नोबेल.

उपाय: कांदा फ्रिजमध्ये गार करून घ्या, विकर मंदावतं आणि वायू कमी उडतो. सुरी धारदार हवी, बोथट सुरी पेशी चिरडते. पंखा तुमच्याकडून कांद्याकडे वाहील असा ठेवा.

हळसांद्याचे_तोणाक

आमच्याकडे सुरी कुठली, आदाळो, म्हणजे विळी. पाटावर बसून चिरते. चेहरा बरोब्बर कांद्याच्या वर. पण फ्रिजचं करून बघते.

खोल_काणकोण

कांद्याचं काय घेऊन बसलात, आमच्या खोला मिरचीची फोडणी शेजाऱ्याकडे असली तरी आमच्या घरात सगळे रडतात. जीआय मानांकन आहे म्हटलं!

कासवांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? गालजीबागला रात्री मादी अंडी घालायला वर येते तेव्हा तिच्या डोळ्यांतून चिकट धारा गळतात. मी एकदा वनखात्याच्या माणसांबरोबर गेलो होतो, लांबून बघितलं. वाळू उपसताना डोळ्यांखाली वाळू चिकटून काळे पट्टे झाले होते. माझी आजी सांगायची, पिल्लांना एकटं टाकून जायचं म्हणून रडते. खरं काय?

सुंगटे_मास्तर

समुद्री कासवाला पिण्याचं गोडं पाणी मिळत नाही. खाण्याबरोबर शरीरात जाणारं जादा मीठ बाहेर टाकायला डोळ्यांजवळ ग्रंथी असते. ही अश्रुग्रंथीच, पण काम मूत्रपिंडाला मदत करण्याचं. समुद्रात असतानाही ती चालूच असते, पाण्यात आपल्याला दिसत नाही इतकंच. आजीची गोष्ट मात्र जास्त चांगली आहे.

मानसकार_दुर्भाट

मग मगरीचंही सांगा. आमच्याकडे पौषाच्या अमावास्येला मानगेथापणी असते. खाजनात चिखलाची मगर करून पुजतात, बांध राख, माणसागुरांना सांभाळ म्हणून. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आजही आहेत. मी लहानपणापासून बघतोय, पण रडताना एकही दिसली नाही. नक्राश्रू हा शब्द कुठून आला?

सुंगटे_मास्तर

शब्द फार जुना, समजूत त्याहून जुनी. पण फ्लोरिडात एका मेंदूतज्ज्ञाने आणि एका प्राणिशास्त्रज्ञाने मिळून खरंच तपासलं, २००७ मध्ये छापून आलं. मगरीच्या जातकुळीतले सात प्राणी पाण्याबाहेर खायला शिकवलेले होते. सातांपैकी पाच जणांच्या डोळ्यांत खाताना पाणी आलं, काहींच्या तर फेस. पश्चात्तापाने नव्हे. जबडा चालवताना जोराने फुसकारतात, ती हवा नाकातून अश्रू वर ढकलत असावी असा त्यांचा तर्क आहे.

मधली_आळी

अहो, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या काकांना असंच झालं होतं!

काकांचा अर्धा चेहरा एका सकाळी वाकडा झाला. चूळ भरली तर पाणी एका बाजूने गळतंय. लकवा म्हणून सगळे घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले मेंदूचं नाही, चेहऱ्याच्या नसेची सूज आहे. दोन-तीन महिन्यांत बरे झाले. मग साधारण सहा महिन्यांनी जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. फक्त डाव्या. आम्ही म्हटलं हुमणाला तिखट जास्त झालं. काकी बिचारी मिरची कमी करत गेली, शेवटी हुमण पांढरं झालं. तरी पाणी. एका सकाळी काका नुसती पेज जेवत होते, सोबत लोणचंसुद्धा नव्हतं, आणि डाव्या गालावरून धार पेजेत पडतेय. उजवा डोळा ठणठणीत. काकी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता पेजेंतूय मिरसांग आसा?"

सुंगटे_मास्तर

तुमच्या काकांच्या दुखण्याचं नावच मगरीच्या अश्रूंचा विकार आहे. चेहऱ्याची ती नस म्हणजे वर लिहिलेला सातवा तंतू. त्यात लाळग्रंथीच्या तारा असतात आणि अश्रुग्रंथीच्याही. जखमी नस परत वाढते तेव्हा लाळेची एखादी तार रस्ता चुकून अश्रुग्रंथीत घुसते. मग मेंदू म्हणतो "जेवण आलं, लाळ सोड" आणि डोळा पाणी सोडतो. लाइनमनने एका घराची वायर दुसऱ्याला जोडली, तसं. यावर अश्रुग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

मधली_आळी

काकांनी काही केलं नाही. जेवताना डाव्या हातात रुमाल. म्हणायचे, माझ्याइतकं मन लावून कोण जेवतं.

शुद्ध_तर्क

धागा वाचला. एक विचारतो, राग नको. नवरा गेल्यावर बाई रडत नाही म्हणजे तेवढी ओढ नव्हती असं का धरू नये? उगाच शास्त्र कशाला?

हळसांद्याचे_तोणाक

माणूस हो की रे जरा. आईबद्दल लिहिलंय त्याने.

वॉर्ड_नंबर_सात

@शुद्ध_तर्क, सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात आणि त्याआधी मेडिसिनला मिळून २९ वर्षं परिचारिका होते. माणूस गेल्याची बातमी कितीतरी घरांना मी स्वतः दिली. कुणी जागेवर कोसळतो. कुणी मला विचारतो, बिल कुठे भरायचं? एका बाईंनी नवऱ्याची चप्पल कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली, रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस केली आणि गेल्या. कुणाची ओढ किती होती हे त्यावरून मला कधी कळलं नाही. तुम्हाला कळत असेल तर नवल आहे.

बाकी कामाचं. कुळागर, मास्तर म्हणतात ते बरोबर असणार, पण या वयात पाणी गळायला आणखीही कारणं असतात. नाकाकडे जाणारी नळी बुजलेली असू शकते. खालची पापणी सैल होऊन बाहेर वळली तर ते निचऱ्याचं भोक पाण्याला लागतच नाही. म्हणून नीट तपासणी मागून घ्या. पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात. कागदाची पट्टी पापणीत अडकवून पाच मिनिटांत किती भिजली ते मोजतात. नळीत सलाइन सोडून बघतात, घशात खारट लागलं तर रस्ता मोकळा.

तोवर रोज दोनदा स्वच्छ कपडा सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं. मग बोटाने पापणी हलकेच केसांच्या दिशेने चेपायची, घट्ट झालेलं तेल सुटतं. मध, एरंडेल, गुलाबपाणी, शेजारणीने दिलेलं काजळ यातलं काही नको.

आणि थेंब एकच. लोक दोन-दोन, तीन-तीन घालतात. डोळ्यात नेहमी असतं सात मायक्रोलिटर, फार तर तीस मावतं, बाटलीचा एक थेंब चाळीस-पन्नासचा. पहिल्याच थेंबातला कितीतरी गालावर येतो. दुसरा निव्वळ पैशाचा नाश.

नवी_आई_मडगाव

ताई, माझं बाळ अडीच आठवड्यांचं आहे. टाहो फोडतं पण एक टिपूस नाही! आणि डावा डोळा मात्र चिकट असतो.

वॉर्ड_नंबर_सात

रडताना टिपं दिसायला काही आठवडे जातात, दोन महिनेही लागतात. रोजचा ओलावा असतोच, घाबरू नका. चिकट डोळा बहुतेक नाकाकडच्या नळीच्या तोंडाशी पडदा राहिल्यामुळे. नाकाच्या बाजूला कोपऱ्यावर बोट ठेवून खाली चोळायचं, डॉक्टरांकडून एकदा करून दाखवून घ्या. बहुतेकांचं वर्षाच्या आत आपोआप सुटतं. लाल झालं, सूज आली तर मात्र थांबू नका. आणि अंगावरचं दूध डोळ्यात घाल म्हणून कुणी सांगेल, ते ऐकू नका.

नवी_आई_मडगाव

सांगून झालंय. दोघींनी.

निवांत_नेरुल

रडलं की शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणतात. म्हणूनच हलकं वाटतं. आईंना मोकळं रडू द्या, औषधं कशाला?

सुंगटे_मास्तर

ही कल्पना लोकप्रिय केली विल्यम फ्रे नावाच्या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की भावनेच्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त असतात. तिथपर्यंत ठीक. पण अश्रू किती, तर चार-दोन थेंब. एवढ्यातून शरीर साफ व्हायचं तर घाम आणि लघवीला कामच उरलं नसतं.

हलकं वाटतं हे मात्र खोटं नाही. नेदरलँड्समध्ये रडवणारे सिनेमे दाखवून तपासलं, २०१५ मध्ये छापलं. रडणाऱ्यांचं मन लगेच खालीच गेलं. दीड तासाने विचारलं तेव्हा आधीपेक्षा बरं होतं. आणि जवळ बसणारं कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं, हेही या विषयात काम करणारे सांगतात.

अश्रूंत खरोखर कामाचं द्रव्य दुसरंच आहे. जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगने ते पेनिसिलिनच्या आधी शोधलं, १९२२ मध्ये छापलं. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून तो प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांना लिंबाचा रस लावायचा.

रस_ऑम्लेट

आमच्या एचओडीला हे वाचू देऊ नका.

अवांतर: इस्रायलमध्ये २०२३ साली बायकांचे अश्रू पुरुषांना हुंगायला दिले. वास काहीच येत नाही, पण खेळातली त्यांची खुन्नस चाळीस टक्क्यांहून जास्त उतरली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, संशोधनाला पैसे घालवले, मला विचारायचं.

निवांत_नेरुल

@मास्तर, तरी माझं मत बदललेलं नाही. सगळं काही मोजपट्टीत येत नाही.

सुंगटे_मास्तर

त्यात मी कुठे वाद घातला? कोंकणीत अश्रूंना शब्दच "दुकां". पण कुळागरांच्या आईचा प्रश्न तेलाचा असेल तर तेलाचाच इलाज करायला हवा.

खोल_काणकोण

कुळागर गायब झाले. धागा वर काढतोय. आई कशी आहे?

कुळागर_फोंडा

मंडळी, माफ करा, तीन आठवडे झाले. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. मिशीचा किस्सा दोनदा.

वॉर्डताईंनी सांगितलं तशी दुसऱ्या डॉक्टरांकडे नीट तपासणी केली. सलाइन सोडलं, आई म्हणाली "खारें लागता", म्हणजे नळी मोकळी. मग पिवळा रंग घालून निळा दिवा लावला आणि डॉक्टरांनी मला यंत्रातून बघायला दिलं. पापणी उघडली तेव्हा बुबुळ सगळं हिरवं चकाकत होतं. डॉक्टर मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, आणि मधोमध काळे ठिपके पडायला लागले. उन्हात सारवलेलं अंगण वाळतं तसे पसरत गेले. दहा सेकंद तरी टिकायला हवं म्हणाले. वर तेलच नव्हतं. मग डोळा भरून आला आणि सगळं पुसलं गेलं. मास्तरांनी लिहिलेलं जसंच्या तसं समोर बघितलं.

शेक, चेपणं, थेंब, तिन्ही सुरू आहे. आता सत्तर टक्के तरी फरक आहे. सकाळी तुळशीपाशी रुमाल लागत नाही.

पण नवीनच भानगड झालीय. डोळे बरे झाले तशा वाड्यावरच्या बायका यायच्या कमी झाल्या. "आतां बरी आसा न्ही" म्हणतात आणि गेटवरूनच जातात. गेल्या आठवड्यात दोन दिवस कुणीच आलं नाही. आई चहाचं आधण ठेवून पायरीवर बसली होती. माझ्याशी बोलली नाही.

परवापासून बघतोय, दुपारचं औषध तिने जेवणानंतरचं हलवून बरोबर चारला नेलंय. गेट वाजलं की बाटली उघडते. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब. काल तिघी येऊन सहापर्यंत बसल्या होत्या.

ताई, वेळ बदलली तर चालते ना?

वॉर्ड_नंबर_सात

चारला चालेल. पण एकच थेंब म्हणावं. तेवढा पुरतो.